पहिला नग आणि हजारावा नग

एका अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकी शिकवणाऱ्या प्राध्यापिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : पुण्यात महाविद्यालये भरपूर आहेत, राष्ट्रीय प्रयोगशाळा आहेत, नवउद्योगांसाठीच्या योजनांचीही वानवा नाही. तरीही इथे सुचलेली गोष्ट इथेच उत्पादन होऊन बाजारात गेली आणि तिच्यातून रोजगार व उत्पन्न वाढले, अशी उदाहरणे हवी तितकी का दिसत नाहीत? शिक्षण, कुशल माणसे आणि सरकारी धोरण यांपैकी आधी हात कशाला घालावा?

मी चौतीस वर्षे भोसरी आणि चाकण येथील कारखान्यांत नव्या उत्पादनांच्या विकासाचे काम केले. गेली काही वर्षे नव्या उद्योजकांच्या सोबत बसतो. अर्थशास्त्र माझा विषय नाही, त्यामुळे उत्तर कारखान्याच्या बाजूने देतो आहे.

माझ्या अनुभवात काम अडते ते कल्पनेपाशी नाही आणि बाजारापाशीही नाही. ते पहिला नग आणि हजारावा नग यांच्या मध्ये अडते. पहिला नग हुशारीने, रात्री जागून, ओळखीच्या टूल रूममध्ये (साचे आणि अवजारे घडवणाऱ्या कार्यशाळेत) उसनवारीने करून घेता येतो. हजारावा नग हुबेहूब पहिल्यासारखा निघावा, त्याचा खर्च गिऱ्हाइकाला परवडावा आणि तो बनवणारा माणूस बदलला तरी माप बदलू नये, यासाठी दोन ते पाच वर्षे जातात. या वर्षांचे शिक्षण कुठल्या अभ्यासक्रमात मिळत नाही, त्यांत लागणारा माणूस नोकरीच्या जाहिरातीत नीट वर्णन करता येत नाही, आणि त्या काळातला तोटा उचलायला बहुतेक योजना तयार नसतात. म्हणून तिन्हींपैकी आधी काय, असे विचारण्यापेक्षा तिन्ही या टप्प्यावर एकत्र येतात का, असे विचारावे.

२०२५ चे अर्थशास्त्राचे नोबेल जोएल मोकिर, फिलिप अघियों आणि पीटर हॉविट यांना याच विषयासाठी, म्हणजे नवशोधांतून होणाऱ्या वाढीची कारणे उलगडल्याबद्दल मिळाले. मोकिर हे इतिहासकार आहेत. एखादी गोष्ट का चालते याचे ज्ञान आणि ती कशी करायची याचे ज्ञान, असे दोन प्रकार ते करतात आणि दोन्ही एकमेकांना सतत दुरुस्त करत राहिली तेव्हाच युरोपातली वाढ टिकली, असे मांडतात. त्याआधी शोध लागत नव्हते असे नाही, पण ते लागून तिथेच थांबत.

जेम्स वॉटचे उदाहरण इथे चांगले लागू पडते, कारण ते अर्धेच सांगितले जाते. ग्लासगो विद्यापीठासाठी उपकरणे दुरुस्त करणाऱ्या वॉटला वाफेच्या इंजिनातली वाफ सिलिंडरबाहेर थंड करणाऱ्या वेगळ्या कंडेन्सरची कल्पना १७६५ मध्ये सुचली आणि १७६९ मध्ये पेटंटही मिळाले. पण दट्ट्याभोवतीची वाफ अडवून धरेल इतके अचूक गोल सिलिंडर कोणाला बनवता येत नव्हते. तोफांच्या नळ्या आतून कोरण्याचे नवे तंत्र जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदाराने १७७४ मध्ये काढले, तेच पुढे सिलिंडरसाठी वापरले गेले आणि १७७६ मध्ये वॉटची इंजिने खऱ्या कामाला लागली. मधल्या वर्षांत पेटंटची मुदत वाया जात होती, म्हणून १७७५ मध्ये ब्रिटिश संसदेने खास कायदा करून ती १८०० पर्यंत वाढवून दिली. सुचण्यापासून चालण्यापर्यंत अकरा वर्षे गेली, आणि त्यांतली बरीच वर्षे एका भोकाच्या गोलाईसाठी गेली. त्या वाढीव मुदतीमुळे इतरांची सुधारलेली इंजिने अडली, ही दुसरी बाजूही धोरणवाल्यांनी लक्षात ठेवावी.

आता भोसरीतली गोष्ट. आम्ही ॲल्युमिनियमची एक गिअर केस डाय-कास्टिंगने, म्हणजे वितळलेला धातू दाबाने पोलादी साच्यात (डायमध्ये) भरून, करायला घेतली होती. पहिले पन्नास नग उत्तम निघाले. पुढे शंभरातले वीस-पंचवीस दाबचाचणीत गळू लागले. आम्ही पदवीधरांनी संगणकावर धातूचा प्रवाह पुन्हा पुन्हा तपासला, धातूचे तापमान बदलले, दाब वाढवला. गळती कधी कमी होई, कधी वाढे. आयटीआय करून वीस वर्षे डाय फिटिंग करणारे आमचे एक सहकारी एके दिवशी म्हणाले, "साहेब, डायवर मारतो त्या स्प्रेचं पाणी मागच्या कोपऱ्यात राहतंय. डाय मिटते तेव्हा आवाज वेगळा येतो." आम्ही ऐकले आणि, खरे सांगायचे तर, आठवडाभर दुर्लक्ष केले. मग ओळखीच्या एका धातुशास्त्राच्या अध्यापकांनी गळका नग कापून घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. छिद्रे गुळगुळीत आणि गोल होती. धातू आक्रसून पडणारी पोकळी वेडीवाकडी असते. गोल छिद्र म्हणजे अडकलेला वायू. कोपऱ्यातल्या पाण्याची वाफ होत होती आणि ती धातूत कोंडत होती. स्प्रेची वेळ कमी केली, हवेचा झोत वाढवला, त्या कोपऱ्यात हवा निघायला वाट कोरली आणि प्रश्न मिटला. सुरुवातीच्या नगांत तो दिसला नव्हता, कारण तेव्हा काम हळू चालले होते आणि पाणी सुकायला वेळ मिळत होता.

फिटरना कोपरा माहीत होता, पण ते आम्हाला पटवू शकत नव्हते. अध्यापकांना छिद्राचा अर्थ कळत होता, पण तो कोपरा त्यांना कधीच सापडला नसता. दोघे एका टेबलाशी आले तो योगायोग होता. नवशोधाची अर्थव्यवस्था म्हणतात ती मला या योगायोगाची नेहमीची व्यवस्था करण्याइतकीच साधी आणि तितकीच अवघड वाटते.

शिक्षणाकडे या नजरेने पाहिले तर पदव्यांची संख्या दुय्यम ठरते. पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण १८५४ पासून आहे. बांधकाम खात्याला माणसे हवी होती म्हणून ते सुरू झाले. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान महाविद्यालयांना परवानगी दिली आणि जागा झपाट्याने वाढल्या. त्या निर्णयाची टिंगल करणे सोपे आहे, पण पुढे या शहरात माहिती तंत्रज्ञानाचे जे क्षेत्र उभे राहिले त्याला माणसे त्याच महाविद्यालयांनी पुरवली. नुकसान दुसरीकडे झाले. वर्कशॉप हा विषय पहिल्या वर्षाच्या कोपऱ्यात गेला, अंतिम वर्षाचा प्रकल्प तापकीर गल्लीत सुटे भाग घेऊन किंवा थेट तयार विकत घेऊन उरकता येऊ लागला, आणि चुकलेल्या प्रकल्पाला गुण देण्याची पद्धत आपण कधी बसवलीच नाही. माझ्याकडे मुलाखतीला आलेल्या मुलांना मी एकच प्रश्न हमखास विचारत असे : तुमच्या हातून बिघडलेली एखादी वस्तू सांगा आणि ती का बिघडली ते सांगा. पहिल्या भागाचे उत्तरच बहुतेकांकडे नसे. तो दोष मुलांचा नव्हे. त्यांना काही बिघडवण्याची मुभाच मिळालेली नसते.

आयटीआय आणि डिप्लोमा यांच्याबाबत आपण याहून मोठी चूक करतो. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. आता तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकार उचलते. कागदावर हे चांगले आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी शिकाऊ उमेदवार म्हणजे कमी पगाराचा हात, असाच हिशोब असतो. वर्षभर तो एकाच मशीनवर जॉब लावतो आणि काढतो. चांगला टूल मेकर तयार व्हायला सात-आठ वर्षे लागतात आणि तो तयार झाला की त्याला बढती म्हणून सुपरवायझर करतात, म्हणजे हाताचे काम सुटते. जर्मनीत कारागिराला स्वतःच्या कामात वर चढत मास्टर होता येते आणि त्या पदवीला समाजात मान असतो. आपल्याकडे वर चढायचे तर अवजार खाली ठेवावे लागते.

पुण्याने हे एकेकाळी वेगळ्या पद्धतीने केले होते. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, १९५० पासून पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा होती, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले. १९६६ हे वर्ष तर पाहण्यासारखे आहे : वाहनउद्योगाची चाचणी संस्था एआरएआय, टेल्कोचे (आजच्या टाटा मोटर्सचे) अभियांत्रिकी संशोधन केंद्र आणि सीरम इन्स्टिट्यूट, तिन्ही त्याच वर्षीची. टेल्कोत तिचे प्रमुख सुमंत मूळगावकर यांनी शिकाऊ कामगारांचे प्रशिक्षण आणि स्वतःची यंत्रे घडवण्याची क्षमता यांवर जो भर दिला, त्याचा फायदा एका कंपनीपुरता राहिला नाही. तिथून शिकून बाहेर पडलेल्यांनी भोसरीत छोटी युनिट काढली, आणि माझे पहिले दोन्ही वरिष्ठ त्याच शाळेचे होते. अर्थात त्या काळाची किंमतही होती. परदेशी माल अडवलेला असल्याने गिऱ्हाईक कुठे जाणार नव्हते, स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, आणि त्या निश्चिंतीत पुष्कळ कारखान्यांनी एकच मॉडेल दोन-दोन दशके चालवले. संरक्षण शिकण्यासाठी वेळ देते, पण शिकायला भाग पाडत नाही.

त्याच १९६६ मध्ये सोलमध्ये केआयएसटी ही विज्ञान-तंत्रज्ञानाची संशोधन संस्था स्थापन झाली आणि तिने सुरुवातीपासून उद्योगांकडून कंत्राटी संशोधन घ्यायचे ठरवले. आज दक्षिण कोरिया राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ५ टक्के संशोधनावर खर्च करतो. भारताचा आकडा २०२०-२१ मध्ये ०.६४ टक्के होता. या तुलनेत नेहमी सरकारला दोष दिला जातो, पण कोरियातला बहुतांश खर्च कंपन्या करतात आणि आपल्याकडे उद्योगांचा वाटा एक तृतीयांशाहून थोडाच अधिक आहे. मी स्वतः उद्योगातला असल्याने हे लिहिताना बरे वाटत नाही. संशोधनखर्चावर प्राप्तिकरात २०१६-१७ पर्यंत दुप्पट वजावट मिळत होती. ती पुढे दीडपट आणि २०२० पासून साधी झाली. त्या काळात काही ठिकाणी नेहमीची देखभालही संशोधनाच्या खात्यावर टाकली जात असे, हे मी पाहिले आहे. करसवलतीतून ताळेबंद बदलतो, माणसांची कामे आपोआप बदलत नाहीत.

धोरण नेमके कुठे कामाला येते हे पाहायचे तर पुण्यातलेच एक उदाहरण पुरेसे आहे. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात मेंदुज्वराच्या साथी येत. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि सुमारे २५,००० दगावले. लस बनवणे अशक्य नव्हते, पण ती विकत घेणारे देश गरीब होते आणि मोठ्या कंपन्यांना त्यात रस नव्हता. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ ही संस्था यांनी गेट्स फाउंडेशनच्या पैशावर एक प्रकल्प उभा केला आणि आधी आफ्रिकी देशांना विचारले की किती किंमत परवडेल. उत्तर आले : एका मात्रेला अर्ध्या डॉलरपेक्षा कमी. किंमत आधी ठरली आणि तिच्यावरून तंत्र निवडले गेले. लसीचा साखर-अंश प्रथिनाला जोडण्याची सोपी पद्धत अमेरिकेच्या सरकारी औषध नियामकाच्या प्रयोगशाळेत तयार झाली होती. ती हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने घेतली आणि मोठ्या प्रमाणावर उत्पादनात उतरवली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोमध्ये लसीकरण सुरू झाले, पुढे तीस कोटींहून अधिक लोकांना लस मिळाली आणि त्या पट्ट्यातून 'अ' गटाचा मेंदुज्वर जवळपास नाहीसा झाला.

मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती गिऱ्हाइकाची खात्री. ज्ञान परदेशी सरकारी प्रयोगशाळेतले होते, हात पुण्यातले होते, आणि मधल्या नऊ वर्षांचा धोका कोणीतरी ठरवून उचलला होता. त्यामुळे पहिल्या मात्रेपासून कोट्यवधी मात्रांपर्यंतचा रस्ता चालता आला. पुण्यातल्या सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेचेही असेच झाले. अमेरिकेने महासंगणक द्यायला हात आखडता घेतल्यावर १९८८ मध्ये संस्था स्थापन झाली, विजय भटकर यांच्या गटाला मुदत आणि पैसा मोजून मिळाला, आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. मार्च २०२० मध्ये पुण्यातल्या मायलॅबच्या कोविड चाचणी संचाला मान्यता मिळाली, तेव्हाही तपासणारी राष्ट्रीय विषाणू संस्था याच शहरात होती. तपासणारा जवळ असणे ही गोष्ट आपण फार कमी मोजतो.

याउलट नेहमीचा अनुभव कसा असतो? मी ज्यांच्या सोबत बसतो अशा एका तरुण गटाने पाणीपुरवठ्याच्या वाहिन्यांतली गळती शोधणारे उपकरण बनवले. चाचणी झाली, अभियंत्यांना ते आवडले, निविदा निघाली आणि तिच्यात तीन वर्षांची उलाढाल व आधी केलेल्या पुरवठ्याचा दाखला मागितला होता. नोंदणीकृत नवउद्योगांना या अटींतून सूट देण्याच्या केंद्राच्या सूचना २०१६ पासून आहेत, हे आम्ही दाखवले. अधिकारी सज्जन होते. त्यांनी खासगीत सांगितले की जुन्या पुरवठादाराचा माल बिघडला तर कोणी त्यांना जाब विचारत नाही, नव्याचा बिघडला तर चौकशी लागते. नियम त्यांना सूट देऊ देत होता, पण ती देण्याबद्दल त्यांना संरक्षण देत नव्हता. तो गट आता दुसऱ्या राज्यात माल विकतो.

पैसे वेळेवर मिळणे हाही नवशोधाचाच विषय आहे, जरी त्यावर परिसंवाद होत नाहीत. लघुउद्योगांचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे हे २००६ च्या कायद्यात आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने त्याला करवजावटीशी जोडले, तेव्हा कुठे मोठ्या खरेदीदारांचे लेखाविभाग जागे झाले. ज्या टूल रूमचे पैसे चार महिने अडकलेले असतात, तिचा मालक नवीन डायचा प्रयोग करत नाही. तो ओळखीचे जॉबवर्क घेतो. २०२५ मध्ये केंद्राने संशोधन व विकासासाठी एक लाख कोटी रुपयांची, दीर्घ मुदतीच्या स्वस्त कर्जांची योजना मंजूर केली आणि प्रयोगशाळेत सिद्ध झालेले तंत्र बाजारापर्यंत नेणे हाच तिचा रोख आहे. रोख मला योग्य वाटतो. मात्र ती कर्जे मोठ्या कंपन्यांच्या पलीकडे, त्यांना डाय आणि सुटे भाग देणाऱ्या तिसऱ्या फळीपर्यंत पोचली पाहिजेत.

अघियों आणि हॉविट यांच्या १९९२ च्या मांडणीत एक कटू भाग आहे : नवे येते तेव्हा जुन्याची जागा घेऊनच येते. विजेवर चालणाऱ्या दुचाकीला क्रँकशाफ्ट, पिस्टन, व्हॉल्व्ह लागत नाहीत. भोसरी, तळवडे आणि चाकणमध्ये याच भागांवर पिढी घडलेली युनिट आहेत. क्रँकशाफ्टचे ग्राइंडिंग मायक्रॉनच्या मापात करणारा कामगार मोटरचा शाफ्टही करू शकतो, पण त्याला चुंबक, वाइंडिंग आणि तोल साधण्याचे तंत्र शिकावे लागेल, आणि शिकण्याच्या सहा महिन्यांत घर कोणी चालवायचे, हा प्रश्न आहे. कौशल्य योजना बेरोजगार तरुणासाठी आखल्या जातात. चाळीस-पंचेचाळीसचा, गृहकर्ज असलेला कुशल कामगार त्यांत बसत नाही. मला धोरणात एकच बदल मागता आला तर मी याच्यासाठी मागेन.

परदेशी कंपन्यांची जी अभियांत्रिकी केंद्रे हिंजवडी आणि खराडीत आहेत त्यांच्याबद्दल अनेकांचा सूर असतो की बुद्धी आपली आणि पेटंट त्यांचे. ते खरे आहे, पण संपूर्ण उत्पादन कसे आखतात, अपयशाची नोंद कशी ठेवतात आणि चाचणी कशी बांधतात हे आपल्या मुलांना तिथेच पाहायला मिळते. माझ्याकडे येणाऱ्या उद्योजकांपैकी सर्वांत तयार मंडळी अशाच केंद्रांत दहा-बारा वर्षे काढून आलेली असतात.

आता प्रश्न विचारणाऱ्या प्राध्यापिकेच्या महाविद्यालयापुरते. नवे केंद्र, नवी इमारत, इनक्युबेटरची पाटी यांच्या मागे लागू नये. जवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या पुरवठादाराकडून नाकारलेल्या नगांची एक पेटी मागून आणावी. अशी पेटी प्रत्येकाकडे असते आणि ती द्यायला पैसे पडत नाहीत. तिसऱ्या वर्षाचे सहा विद्यार्थी आणि शेजारच्या आयटीआयचे सहा, असा एकच गट करावा आणि बोलण्याची भाषा मराठीच ठेवावी, कारण इंग्रजी आली की आयटीआयची मुले गप्प होतात. सहामाहीअखेर त्यांनी नग का नाकारला गेला ते कापून, मोजून सांगावे आणि कारखान्यात जाऊन एक बदल करून दाखवावा. बदल फसला तरी गुण द्यावेत; नोंदवही नीट नसेल तर मात्र देऊ नयेत. परीक्षक म्हणून एक अध्यापक आणि एक टूल रूमचा माणूस बसवावा, आणि दोघांना मानधन सारखेच द्यावे. विद्यापीठाचे मानधनाचे नियम इथे आडवे येतील, हे मला माहीत आहे. त्या कागदाचा मसुदा करायला मी येऊन बसेन.